आवळीच्या सावलीचा हक्क

दिवाळीचे दिवे मालवतात आणि कार्तिकाचा शुक्ल पक्ष पुढे सरकू लागतो. पाऊस सरलेला असतो, थंडीने पुरता जोर धरलेला नसतो आणि आवळीची झाडे फळांनी लगडलेली असतात. नवमीपासून पौर्णिमेपर्यंतच्या या दिवसांत आवळीची पूजा करावी आणि तिच्याच छायेत सहकुटुंब भोजन करावे, अशी आपल्याकडील जुनी रीत आहे. त्या वृक्षाच्या ठायी विष्णूचा वास असतो, ही तिच्यामागील श्रद्धा.

या व्रताचे वैशिष्ट्य असे, की येथे माणसालाच देवाकडे, म्हणजे झाडाकडे, जावे लागते. जिचे सारे जग चूल आणि माजघर एवढ्यातच सामावलेले असे, त्या गृहिणीलाही धर्माच्या नावाने एक दिवस रानाची वाट मोकळी होत असे.

आज शहरांतून हे व्रत कसे पाळले जाते? तुळशीच्या लग्नासाठी आणलेल्या उसाबरोबर आणि चिंचांबरोबर आवळीची एखादी डहाळी पिशवीतून घरी येते. पाटावर तिची पूजा होते आणि नैवेद्य दाखवला जातो. बाहेर जाणे तेवढे सुटले. स्वयंपाक मात्र जिच्याकडे होता, तिच्याकडेच राहिला.

ही स्त्री आता नोकरीही करते. सकाळची लोकल गाठण्यापूर्वी अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंचे अंग पुसायचे, औषधे द्यायची, मुलांचे डबे भरायचे. संध्याकाळी परतल्यावर पुन्हा तेच. बोरिवलीचे सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे राष्ट्रीय उद्यान मुंबईच्या उशाशी आहे. परंतु तिला अंतर आड येत नाही, सवड आड येते. केंद्र सरकारच्या २०२४ सालच्या वेळवापर सर्वेक्षणानुसार, घरच्या माणसांचा सांभाळ करणाऱ्या १५ ते ५९ वयाच्या स्त्रिया त्यासाठी दिवसाकाठी सुमारे १४० मिनिटे वेचतात, तर तेच काम करणारे पुरुष ७४ मिनिटे. स्वयंपाक आणि धुणीभांडी यांचा हिशेब निराळाच.

‘आजारी माणसाला टाकून वनभोजन कसले?’ असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे, पण तो दरवेळी तिलाच का विचारला जावा? आईच्या उशाशी मुलाने दिवसभर बसावे, यात धर्माला बाध येण्यासारखे काय आहे? सेवा पुण्यप्रद खरी. मग त्या पुण्याचा वाटा घरातील इतरांनीही उचलावा. अहोरात्र शुश्रूषा करणाऱ्याला मोकळी हवा आणि झाडाची सावली हवीशी वाटली, तर त्यात स्वार्थ नाही. तिच्या सेवेतील मायेचा ओलावा टिकायचा असेल, तर तिलाही विसावा हवा.

म्हणून या कार्तिकात एवढे करावे: स्वयंपाक साधा, दहीभाताचा असावा आणि तो इतरांनी करावा. रुग्णाला खुर्चीतून नेता येत असेल तर त्यालाही न्यावे, नसेल तर घरच्या कर्त्या पुरुषाने मागे राहावे. आणि तिला आवळीखाली निवांत बसू द्यावे. तेथे वाढण्याचे कामही तिच्याकडे नसावे.