स्ट्रगल म्हणू नका, तालमीचा पगार द्या

मागच्या महिन्यात आमच्या गावाकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक रील आलं. मागे बासरी, समोर मोसंबीची बाग, मग एकदम नाट्यगृहातले दिवे आणि टाळ्या. खाली मजकूर: ‘जालन्याच्या मातीतला हिरा.’ ग्रुपवर पन्नासेक जणांनी हात जोडले. मीही जोडले, आणि ते रील जालन्यातल्या माझ्या मित्राला पाठवलं. त्याचं उत्तर आलं, “शेअर नको करू बाबा. तिकीट काढ.”

तेव्हापासून मला या ‘मातीतला हिरा’ प्रकरणाचा राग यायला लागलाय. आज तोच मांडतो.

हा मित्र आणि मी इंजिनिअरिंगला एकाच वर्गात होतो. मी युवक महोत्सवात पडदा ओढायचो, तो पोवाडा गायचा आणि लोकनाट्यात सोंगाड्या व्हायचा. त्याचा आवाज काळी चारला सहज लागायचा. संगीत नाटकात किंवा वगात नुसता गोड गळा पुरत नाही, हे मला त्याच्याकडून कळलं. गात गात चालायचं, चालताना दम टिकवायचा, शेवटच्या ओळीवर ढोलकीवाल्याकडे न बघता समेवर यायचं आणि पुढच्याच श्वासात साध्या बोलीत वाक्य टाकायचं. हे अंगात मुरायला रोज दोन-तीन तास, अशी वर्षं लागतात.

डिग्रीनंतर मी पुण्याला आलो, तो तिथंच राहिला. एका वगनाट्यात त्याला मोठी भूमिका मिळाली. शाळेच्या व्हरांड्यात चाळीस दिवस तालीम झाली. प्रयोग झाले तीन, प्रत्येकाचं पाकीट ७०० रुपयांचं. म्हणजे ४३ दिवसांचे २,१०० रुपये, दिवसाला पन्नासही नाहीत. पेट्रोल, डबा, बुडालेली रोजंदारी यात धरलेली नाही. ती वडिलांनी भरली, पुढच्या वर्षी थोरल्या भावाने. तिसऱ्या वर्षी कोणी भरायला उरलं नाही. आज तो एका गोडाऊनमध्ये पोत्यांचा हिशोब ठेवतो.

आता माझं ऐका. नोकरी लागल्यावर पहिले सहा महिने मी कंपनीच्या एका पैशाच्या उपयोगाचा नव्हतो. कोड लिहायचो तो मोडायचा, वरचा माणूस दुरुस्त करायचा. त्या सहा महिन्यांचा पगार दर महिन्याच्या शेवटी खात्यात जमा व्हायचा. त्याला ‘ट्रेनिंग’ म्हणत. शिकण्याचे पैसे मला मिळाले, त्याने स्वतःचे घातले. माझ्या शिकण्याला ट्रेनिंग आणि त्याच्या शिकण्याला स्ट्रगल, हा फरक कोणी केला? स्ट्रगल हा शब्द फार सोयीचा आहे. तो वापरला की बिल कुणाच्या नावावर फाटलं, हे विचारावं लागत नाही.

“कलेत असंच असतं,” असं म्हणणाऱ्यांनी जरा मागे बघावं. जालन्याच्या नाट्यगृहाला मास्टर कृष्णराव फुलंब्रीकरांचं नाव आहे. जन्म १८९८, घराणं मूळ फुलंब्रीचं. हा मुलगा १९११ च्या सुमारास, तेराएक वर्षांचा असताना नाट्यकला प्रवर्तक मंडळीत गायक-नट म्हणून दाखल झाला. तिथं त्याला सवाई गंधर्वांची तालीम मिळाली, पुढं भास्करबुवा बखल्यांसारखा गुरू. मग गंधर्व नाटक मंडळी, मग प्रभातच्या सिनेमांचं संगीत. नारायण राजहंस, म्हणजे बालगंधर्व, १९०५ मध्ये किर्लोस्कर मंडळीत आले तेव्हा सतरा वर्षांचे होते. नाटक मंडळी म्हणजे बिऱ्हाडच. राहणं, जेवण, तालीम आणि प्रयोग एकाच छपराखाली. कोवळ्या नटाची पहिली दहा वर्षं मंडळी अंगावर घ्यायची.

त्या काळाला मी सोन्याचा मुलामा देत नाही. पोरं फार लहान वयात घर सोडायची. मोठ्या मंडळ्यांत बायकांच्या भूमिकाही पुरुषच करत. कुठल्या जातीच्या पोराला दार उघडायचं हेही ठरलेलं असे. खुद्द गंधर्व मंडळी कर्जात रुतली. पण आपण त्यातलं काय टाकलं आणि काय ठेवलं ते बघा. शिकणाऱ्याला पोसायची व्यवस्था टाकली, आणि गरिबाच्या पोरासाठी बंद दार तेवढं ठेवलं.

“टॅलेंट असेल तर वर येतंच,” हे दुसरं वाक्य. पुरावा म्हणून लगेच ‘शिवाजी अंडरग्राऊंड इन भीमनगर मोहल्ला’ पुढे केलं जातं. २०१२ साली आलेलं ते नाटक घनसावंगी तालुक्यातल्या जांबसमर्थच्या राजकुमार तांगडे यांनी लिहिलं. संकल्पना आणि संगीत शाहीर संभाजी भगत यांचं, दिग्दर्शन नंदू माधव यांचं. कलाकारांत जालना जिल्ह्यातली शेतकरी घरांतली पोरं होती. त्यातलाच आपल्या जिल्ह्याचा कैलास वाघमारे पुढं ‘तान्हाजी’ आणि ‘गाभ’सारख्या सिनेमांत दिसला. आपल्याला अभिमान वाटतो, वाटायलाच हवा.

पण नीट वाचा ही नावं. गावाची भाषा जाणणारा लेखक होता, आयुष्यभर रस्त्यावर गायलेला शाहीर होता, मुरलेला दिग्दर्शक होता, आणि तालीम करून गावोगाव प्रयोग लावणारा संच होता. एवढी माणसं एका जागी आली तेव्हा ती पोरं दिसली. रील मात्र बाकी सगळ्यांना कापून एकच चेहरा ठेवतं आणि म्हणतं, बघा, एकटा लढला. मग जो पोहोचला नाही तो आपसूक कमी पडलेला ठरतो. माझा मित्र कमी पडला नाही. त्याच्याकडे तिसऱ्या वर्षाचे पैसे नव्हते. असे किती जण गोडाऊनमध्ये, पेट्रोल पंपावर, रोलिंग मिलमध्ये आहेत याचं रील निघत नाही.

३० डिसेंबर २०२३ ला जालन्याहून मुंबईला वंदे भारत सुरू झाली. आम्ही सगळ्यांनी स्टेटस ठेवले. गाडी चांगलीच आहे, पण गाणाऱ्या पोराला आपण गेली कित्येक वर्षं एकच सल्ला देतोय: मुंबई गाठ. गाडी फक्त वेगवान झाली.

माझ्या मागण्या साध्या आहेत. नाट्य महोत्सवाला पैसे देणाऱ्या संस्थांनी आणि उद्योजकांनी प्रयोगाइतकाच तालमीचाही मेहनताना द्यावा, आणि तो बजेटमध्ये वेगळा लिहावा. जिल्ह्याच्या ठिकाणी संध्याकाळी तीन तास एक खोली मिळावी, जिथं सुरात लावलेली पेटी आणि तबला असेल. वर्षाला दहा पोरापोरींना महिन्याचं ठरलेलं मानधन मिळावं, शिकण्यासाठी. एका सत्काराच्या मंडपाचा, शालींचा आणि फ्लेक्सचा खर्च मांडून बघा, सुरुवात तेवढ्यातही होईल.

आणि आपण, फोनवर हे वाचणारे. मी हिशोब काढला तेव्हा शरम वाटली. मित्राचे तिन्ही प्रयोग मी बघितले, तिन्ही पासवर. दुसऱ्या वर्षी ढोलकीवाल्याच्या गाडीभाड्याला १,२०० रुपये कमी पडत होते, तेव्हा त्याने मला मेसेज केला होता. त्या आठवड्यात मी त्याहून महाग इअरफोन घेतले. त्याला मी उत्तर पाठवलं: ‘भावा, तू मोठा होणारच’, आणि पुढं आगीचे तीन इमोजी.

ते १,२०० रुपये मी गेल्या आठवड्यात पाठवले, चार वर्षं उशिरा. त्याने परत पाठवले. म्हणाला, “मला नको. धाकटा चुलतभाऊ तालमीला जातोय, त्याच्या ढोलकीवाल्याला दे.” नंबरही पाठवला. पैसे दिले, आणि त्या पोराच्या पहिल्या प्रयोगाची पाच तिकिटं काढली. पास मिळत होता. घेतला नाही.