खोक्यातला खर्ज

मोबाइलवर सत्तरच्या दशकातले हिंदी गाणे लावले की त्यातला एक वादक बेपत्ता होतो. राहुलदेव बर्मन यांच्या ताफ्यात टोनी वाझ बेस गिटार वाजवत. तो खर्ज फोनच्या नखाएवढ्या स्पीकरमधून बाहेर पडतच नाही. उरते ती तारेवर बोट पडल्याची पुसट टकटक. बिचाऱ्या फोनला दोष देण्यात अर्थ नाही. बेस गिटारची सर्वांत जाड तार सेकंदाला ४१ वेळा थरथरते. एवढ्या मंद कंपनाने खोलीतली हवा हलवायची, तर मोठा कागदी कोन, भक्कम लाकडी खोके आणि भरपूर वीज हवी. म्हणून बेसवाल्याचा ॲम्प्लिफायर जड असतो आणि महागही असतो.

महाग म्हटल्यावर माणूस जुना शोधू लागतो, आणि शोध सुरू झाला की सल्ले सुरू होतात. पहिला सल्ला असा, की घ्यायचा तर व्हॉल्व्हचा घ्या, ट्रान्झिस्टरच्या ॲम्पमध्ये जीव नसतो. दुसरा असा, की वापरलेले इलेक्ट्रॉनिक्स म्हणजे दुसऱ्याची पीडा. थोडे थांबा, पैसे साठवा आणि नवेच घ्या. दोन्ही सल्ले छातीठोकपणे दिले जातात आणि बेसच्या बाबतीत दोन्ही फसवे आहेत. शिकणाऱ्या मुलामुलींना, कॉलेजच्या बँडला, सरावाच्या खोलीला वीस-पंचवीस वर्षे वापरलेला, ट्रान्झिस्टरवर चालणारा, म्हणजे सॉलिड-स्टेट ॲम्प हा आजही सर्वांत शहाणा सौदा आहे.

व्हॉल्व्ह आणि ट्रान्झिस्टर यांतला फरक मराठी घरांना नव्याने समजावायला नको. फळीवरचा व्हॉल्व्हचा रेडिओ बटण फिरवल्यावर तापेपर्यंत ताटकळत ठेवायचा. मग खांद्याला अडकवून शेतात नेता येणारा रेडिओ आला आणि त्याचे नावच ‘ट्रान्झिस्टर’ पडले. अमेरिकेतील बेल लॅबोरेटरीजमध्ये डिसेंबर १९४७ मध्ये बनलेल्या एका इवल्याशा भागाचे नाव आपल्याकडे अख्ख्या यंत्राला मिळाले. घरांतून व्हॉल्व्ह गेला तेव्हा फारसे कुणी हळहळले नाही. गिटारवाल्यांनी मात्र त्याला अजून निरोप दिलेला नाही.

त्यांचे अगदीच चुकते असे नाही. व्हॉल्व्हला झेपेल त्यापलीकडे रेटले, की तो स्वराला हळूहळू चेपत जातो. रॉकमधल्या गिटारचा भरदार, किंचित फाटलेला आवाज या चेपण्यातूनच घडला. ट्रान्झिस्टर मर्यादेपर्यंत स्वच्छ चालतो आणि मर्यादा ओलांडली की लाटेचा माथा सुरीने छाटल्यासारखा उडवतो. शिवाय सुरुवातीचे सॉलिड-स्टेट ॲम्प खरोखरच बेभरवशाचे होते. फेंडरसारख्या नावाजलेल्या कंपनीने १९६६ मध्ये आणलेली ट्रान्झिस्टर ॲम्पची मालिका बिघाडांसाठी बदनाम झाली आणि काही वर्षांतच गुंडाळली गेली. त्या अनुभवाची कुरबुर साठ वर्षांनंतरही दुकानांत आणि सरावाच्या खोल्यांत ऐकू येते. ज्यांनी ते ॲम्प पाहिलेही नाहीत, तेही ती पुढे चालवतात.

बेसचा हिशेब वेगळा आहे. बेसला बहुतेक वेळा फाटलेला सूर नको असतो. त्याने ढोलाच्या जोडीने स्वच्छ आणि ठाम पडायचे असते. व्हॉल्व्हकडून तसा आवाज मिळवायला केवढा खटाटोप लागतो, ते अँपेग कंपनीच्या एसव्हीटी या ॲम्पकडे पाहून कळते. रोलिंग स्टोन्सनी १९६९ च्या अमेरिकेच्या दौऱ्यावर तो नेला. ताकद ३०० वॅट, आत १४ व्हॉल्व्ह. आठ स्पीकरचे जोडखोके धरले तर सगळा संसार शंभर किलोच्या आसपास. ट्रक आणि उचलायला चार माणसे असली की हे शोभते. दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या इमारतीत सराव करणाऱ्यांना ते परवडणारे नाही.

आणि ट्रान्झिस्टरमध्ये जीव नसतो म्हणावे, तर जॅको पास्टोरियस यांचे काय करायचे? फ्रेट काढलेल्या बेसचा गाता, लांबत जाणारा स्वर त्यांनी जगाला ऐकवला. १९७६ मध्ये त्यांचा पहिला एकल अल्बम आला आणि त्याच वर्षी ते ‘वेदर रिपोर्ट’ या जाझ बँडमध्ये गेले. त्यांच्या पाठीशी उभा असायचा तो ॲकूस्टिक कंपनीचा ‘३६०’. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात आलेला हा ॲम्प ट्रान्झिस्टरचाच. २०० वॅटचा, १८ इंची स्पीकरचा. लेड झेपेलिनच्या जॉन पॉल जोन्स यांनीही तो वापरला. बेस गिटारच्या इतिहासातला कदाचित सर्वांत जास्त नकलला गेलेला आवाज ‘निर्जीव’ ठरवलेल्या यंत्रातून आलेला आहे.

ते एकटे नव्हेत. अभियंता बॉब गॅलियन यांनी बनवलेला सॉलिड-स्टेट ॲम्प कार्लोस सांताना यांनी ऑगस्ट १९६९ मध्ये वूडस्टॉकच्या महोत्सवात वाजवला, तोही गिटारसाठी. पुढे त्यांच्या गॅलियन-क्रूगर कंपनीने ‘८००आरबी’ हा बेसचा ॲम्प काढला. एकाच आटोपशीर डब्यात खर्जासाठी ३०० वॅट आणि वरच्या स्वरांसाठी वेगळे १०० वॅट. गन्स एन’ रोझेसचे डफ मकॅगन यांचा करकरीत आवाज याच डब्याशी जोडला जातो. हे ॲम्प आजही जुन्या बाजारात हातोहात फिरतात आणि वाजतात.

खरेदीला निघालेला माणूस सर्वांत आधी वॅट विचारतो. तिथेही थोडी फसगत आहे. ताकद दुप्पट केली की आवाज फक्त तीन डेसिबलने वाढतो, म्हणजे कानाला जेमतेम जाणवेल एवढा. आवाज ‘दुप्पट’ वाटायला ढोबळमानाने दहापट वॅट लागतात. त्यात माणसाचा कान खर्जाच्या बाबतीत मुळात मंद. हार्वी फ्लेचर आणि विल्डन मन्सन यांनी १९३३ मध्ये, त्याच बेल लॅबोरेटरीजमध्ये, हे मोजून दाखवले होते: सारख्याच मोठ्या वाटण्यासाठी खालच्या स्वरांना मधल्या स्वरांपेक्षा कितीतरी जास्त जोर लागतो. गिटारवाला ३० वॅटच्या ॲम्पवर खिडक्या हादरवतो आणि बेसवाल्याला २०० वॅटही अपुरे पडतात, ते यामुळे. तरीही १५० आणि ३०० वॅटच्या जुन्या ॲम्पमधला फरक किमतीत जेवढा दिसतो तेवढा कानाला ऐकू येत नाही. फरक पडतो तो स्पीकरने आणि खोक्याने. त्यामुळे पाटीवरचा आकडा वाचण्याआधी कोनाच्या कडेची रबराची किंवा फोमची पट्टी बोटाने हलकेच दाबून पाहावी. वर्षानुवर्षांनी फोमचा भुगा होतो.

वापरलेल्या ॲम्पची भीती वाटते ती त्याच्या पोटात काय दडले आहे ते दिसत नाही म्हणून. प्रत्यक्षात या यंत्रांचे आजार मोजकेच आणि ओळखीचे असतात. बटण फिरवताना खरखर आली तर आतली पट्टी मळली आहे. कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा बहुधा पुरतो. चालू करताना जोरदार ‘धप्प’ होऊन कोन पुढे सरकला आणि तिथेच अडकून राहिला, तर आउटपुटला डीसी करंट येतो आहे. असा ॲम्प स्पीकर जाळतो, तो तिथेच ठेवावा. सतत गुणगुण येत असेल तर वीजपुरवठ्याचे कपॅसिटर म्हातारे झाले आहेत.

ही गुणगुणही मोठी मजेची असते. आपली वीज ५० हर्ट्झची. ॲम्पच्या आत तिचे डीसी होताना जी कुरकुर उरते ती दुप्पट, म्हणजे १०० हर्ट्झची. बेसची सर्वांत बारीक तार, जी, मोकळी वाजवली की ९८ हर्ट्झ देते. त्यामुळे भारतातला थकलेला ॲम्प दिवसभर किंचित चढा जी लावून बसतो आणि सुरात लावलेल्या तारेशी भांडतो. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, तिथली गुणगुण भलत्याच स्वरावर पडते.

अमेरिकेचा विषय निघाला तर तिथून आलेल्या ॲम्पची पाठ आधी पाहावी. त्यावर १२० व्होल्ट लिहिलेले असते आणि आपल्या भिंतीत २३० असतात. काहींना व्होल्टेज बदलायची खिटी असते. नसेल तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्यायचा, आणि त्याचे वजन व किंमत सौद्यात धरायची. गुणगुण घालवण्यासाठी प्लगची अर्थची पिन कापलेली दिसली, तर विकणारा किती निष्काळजी आहे ते कळते. तारांना हात लावून उभ्या असलेल्या वादकाला शॉकपासून वाचवणारी तीच पिन आहे.

स्पीकरच्या जोडणीत मात्र सॉलिड-स्टेट आणि व्हॉल्व्ह यांचे स्वभाव उलटे. स्पीकर न जोडता व्हॉल्व्हचा ॲम्प जोरात वाजवला तर त्याचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. ट्रान्झिस्टरच्या ॲम्पला त्याचे सहसा काही वाटत नाही. त्याला वावडे आहे ते कमी ओमचे. पाठीवर ‘किमान ४ ओम’ लिहिले असेल तर ८ ओमची दोन खोकी चालतात, ४ ओमची दोन चालत नाहीत, कारण जोडल्यावर ती २ ओम होतात. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये ‘आवाज वाढवू या’ म्हणून कुणीतरी तिसरे खोके जोडतो आणि तासाभरात धूर येतो.

धूर आला तरी गोष्ट संपत नाही, आणि जुन्या सॉलिड-स्टेटची खरी थोरवी इथे दिसते. चार स्क्रू काढले की आत डोळ्यांनी दिसणारे, हाताने बदलता येणारे भाग असतात. टोपीसारखे धातूचे पॉवर ट्रान्झिस्टर तर मांडवात अहुजाचे ॲम्प वाजवणाऱ्या साउंडवाल्याच्याही ओळखीचे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आणि पुण्याच्या तपकीर गल्लीत असे भाग मिळतात. नकली माल येतो, तेवढे पारखून घ्यावे लागते. मिसिसिपीतल्या मेरिडियन गावी १९६५ मध्ये सुरू झालेल्या पीव्ही कंपनीने तर ‘ब्लॅक विडो’ या स्पीकरमध्ये सोयच अशी केली, की कोन फाटला तर चुंबक तसेच ठेवून पुढचा सांगाडा आणि कोन जागेवरच बदलता यावेत. हे ॲम्प गरीब बँड, चर्च आणि शाळा यांनी रगडून वापरावेत म्हणूनच बनवलेले होते.

आजचे नवे बेस ॲम्प चमत्कारच आहेत, हे नाकारायचे कारण नाही. क्लास-डी तंत्रामुळे ५०० वॅटचा ॲम्प दोन-तीन किलोत बसतो आणि पाठीवरच्या पिशवीत जातो. विरारहून लोकलने दादरला वाजवायला येणाऱ्याने तोच घ्यावा. पंचवीस-तीस किलोचा जुना कॉम्बो (ॲम्प आणि स्पीकर एकाच खोक्यात) घेऊन डब्यात चढणे हा स्वतःवर आणि सहप्रवाशांवर अन्याय आहे. पण त्या हलक्या डब्यात तांदळाच्या कणीएवढे भाग पट्टीवर चिकटवलेले असतात. बिघाड झाला की बहुधा अख्खा बोर्ड बदलायचा, आणि वॉरंटी संपून मॉडेल बंद झाले असेल तर बोर्ड कुठून आणायचा?

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा हक्क’ ठरवण्यासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्याचे पोर्टल सुरू केले. शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे आणि वाहने ही चार क्षेत्रे त्यात धरली गेली. वादकांची यंत्रे त्या यादीत नाहीत. ती यावीत, आणि सर्किटचे आराखडे मागेल त्या कारागिराला मिळावेत, ही मागणी वाजवणाऱ्यांनीच करायला हवी.

तोवर एक सोपी गोष्ट कॉलेजांना आणि सराव-खोल्या चालवणाऱ्यांना करता येईल. जिथे ॲम्प एका जागी राहणार आहे, तिथे वजनाचा प्रश्नच नाही. नव्या, छोट्या, खर्जाला कमी पडणाऱ्या ॲम्पवर सगळे पैसे घालण्याऐवजी पंधरा इंची स्पीकरचा जुना सॉलिड-स्टेट कॉम्बो घ्यावा आणि वाचलेल्या पैशांतला एक हिस्सा दुरुस्तीसाठी बाजूला ठेवावा. घ्यायला जाताना स्वतःची बेस आणि स्वतःची केबल न्यावी, आणि पाच मिनिटांत आटोपू नये. अर्धा-पाऊण तास, तापेपर्यंत वाजवावे. थंड असताना लपलेले दुखणे तेवढ्यात वर येते.

खिशात आणखी एक वीतभर केबल असावी. जुन्या ॲम्पच्या मागे ‘सेंड’ आणि ‘रिटर्न’ अशी दोन भोके असतात, इफेक्ट जोडण्यासाठी. वर्षानुवर्षे कुणी त्यात काही घातलेले नसते, आतला संपर्क गंजतो आणि आवाज मधूनच बसतो, मधूनच परत येतो. विकणाऱ्याला वाटते यंत्र मरायला टेकले. तो स्वतःच ‘मधूनमधून आवाज जातो, बघा’ असे सांगून किंमत उतरवतो. घेणाऱ्याने ती वीतभर केबल एका भोकातून दुसऱ्यात घालावी आणि जाड तार छेडून पाहावी.