“वय झालंय, व्हायचंच” हे उत्तर ऐकून घेऊ नका

माझ्या थोरल्या मावशीला अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा ती अठरा दिवस दवाखान्यात होती. घरी आणल्यावर अंग पुसायला मावसबहिणीने तिला कुशीवर वळवले, तर माकडहाडापाशी रुपयाएवढी काळी जखम. दवाखान्यात फोन केला. उत्तर आले, “वय झालंय, पडून राहिल्यावर व्हायचंच.” मला राग आला, पण त्याहून जास्त लाज वाटली. बत्तीस वर्षे मी वॉर्डात नोकरी केली आणि हेच वाक्य मीही कितीतरी नातेवाइकांना ऐकवले आहे.

हे वाक्य ज्या बाईंनी साठ वर्षांपूर्वीच खोटे पाडले, त्यांचे नाव डोरीन नॉर्टन. त्या इंग्लंडमधील नर्स. बेडसोअर म्हणजे नर्सचा हलगर्जीपणा, असे फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या काळापासून मानले जाई. म्हणजे दोष द्यायचा तर नर्सला, नाही तर म्हातारपणाला. जखम नेमकी कोणाला होते आणि कशाने टळते, हे मोजून बघण्याच्या भानगडीत फारसे कोणी पडत नव्हते. त्यात वृद्धांचा वॉर्ड म्हणजे नर्सला नकोशी वाटणारी ड्यूटी. तिथे शिकण्यासारखे काय असणार, असाच सर्वांचा समज.

नॉर्टनबाई तिथेच शिकल्या. रोडा मॅक्लारेन आणि वृद्धांचे डॉक्टर एक्स्टन-स्मिथ यांच्यासोबत त्यांनी रुग्णालयातील वृद्ध रुग्णांचा अभ्यास केला. तो 1962 साली प्रसिद्ध झाला. पाठीला काय चोळायचे याच्या तेव्हा ज्याच्या त्याच्या रीती होत्या. नॉर्टनबाईंना आढळले ते असे, की वरून काय लावले याने फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो ठरलेल्या वेळी कूस बदलल्याने. कारण साधे आहे. हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी दबली की तिथला रक्तपुरवठा तुटतो. दाब उठला नाही, तर वरून कितीही महागडे मलम लावा, आतले मांस मरायचे ते मरतेच.

त्याच अभ्यासातून ‘नॉर्टन स्केल’ आली. प्रश्न पाचच: शरीराची प्रकृती कशी आहे, शुद्ध आणि समज किती आहे, माणूस चालतो-बसतो का, अंथरुणात स्वतः हलू शकतो का, शू-शीवर ताबा आहे का. प्रत्येक प्रश्नाला 1 ते 4 गुण. सगळे ठीक असेल तर बेरीज 20. ती 14 किंवा कमी आली तर जखमेचा धोका आहे असे समजायचे. जखम होण्याआधी समजायचे, हे महत्त्वाचे. माझ्या मावशीचे गुण पहिल्या दिवशी कोणी मांडले असते तर दहासुद्धा भरले नसते.

पुढे त्यांनी रुग्णालयाच्या पलंगाकडे मोर्चा वळवला. ब्रिटनमध्ये किंग्ज फंडने वर-खाली करता येणारा पलंग तयार करवून घेतला, त्या कामात त्या होत्या. पलंग उंच असेल तर म्हाताऱ्या माणसाचे पाय जमिनीला टेकत नाहीत आणि ते उतरायला भितात. सखल असेल तर नर्सची कंबर जाते. हे वॉर्डात राबलेल्या बाईलाच सुचणार! 1980 च्या दशकात त्या अमेरिकेत क्लीव्हलंडच्या केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठात वृद्धांच्या शुश्रूषेच्या प्राध्यापक झाल्या. या विषयासाठी तिथे खास निर्माण केलेल्या पदावरच्या त्या पहिल्याच. बेडपॅन देणे, ओली चादर बदलणे, कूस वळवणे, या कामांना आपल्याकडे घाणीची कामे म्हणतात आणि ती कोणी करायची हेही जन्मावरून ठरवून टाकलेले असते. त्याच कामांवर या बाई प्राध्यापक झाल्या, याचे मला फार अप्रूप वाटते.

त्यांच्या मोजपट्टीत उणिवा आहेत. आहाराचा वेगळा प्रश्न त्यात नाही. 1987 मध्ये आलेल्या ब्रेडन स्केलमध्ये आहार आणि कातडीचे घासले जाणेही धरले आहे, आणि बऱ्याच रुग्णालयांत आता तीच वापरतात. पण घरी पाच प्रश्न कोणालाही विचारता येतात.

पाठ्यपुस्तकात पहिली खूण ‘लालसर डाग’ अशी लिहिलेली असते. आपल्या सावळ्या, काळ्या कातडीवर ती लाली दिसतच नाही. म्हणून हात लावून बघा. आजूबाजूपेक्षा ती जागा गरम, टणक किंवा पिठासारखी मऊ लागते का? रंग जास्त गडद झालाय का? टाचा, खुबे, माकडहाड, डोक्याची मागची बाजू रोज बघा. अशा जागी चोळू नका, स्पिरिट लावू नका, मधे भोक असलेल्या रबरी कड्यावर बसवू नका. कड्याच्या कडेने उलट रक्त अडते. हवेची गादी घेतलीत तर उत्तम, पण ती घेतली म्हणून कूस बदलणे सुटत नाही. साधारण दोन-दोन तासांनी कूस बदला. वळवताना ओढू नका, खालच्या चादरीसकट दोघांनी उचला. टाचा अधांतरी राहतील अशी पोटरीखाली उशी द्या.

अगदी शेवटच्या दिवसांत सगळे करूनही जखम होते कधी कधी. अशा वेळी घरच्या सुनेला, लेकीला बोल लावू नये.

पण दवाखान्यातून सुट्टी मिळताना गप्प बसू नका. बिलाच्या कागदावर सही करण्याआधी पेशंटची पाठ आणि टाचा उघडून दाखवायला सांगा. सिस्टरना म्हणावे, कूस कशी वळवायची ते आमच्या हाताने एकदा करून घ्या. दहा मिनिटांचे काम आहे. मावशीची जखम भरायला पाच महिने लागले.