अब्बांच्या लाकडी रॅकेटी

आमच्या शहागडात टेनिस हा शब्द सगळ्यांना माहीत आहे, पण तो चेंडूपुरता. गोदावरीच्या वाळवंटात मुले क्रिकेट खेळतात ते टेनिस बॉलने. हा चेंडू मुळात कोणत्या खेळासाठी बनला, असे वर्गात विचारले तर बहुतेक मुले गप्प बसतात. एखादा हुशार पोरगा मागच्या बाकावरून म्हणतो, "सर, सानिया मिर्झा!" आणि विषय तिथेच संपतो.

आमच्या घरात मात्र टेनिसची सुरुवात चेंडूपासून नाही, रॅकेटपासून झाली. ओसरीच्या भिंतीवर खुंटीला तीन लाकडी रॅकेटी टांगलेल्या असत. प्रत्येक रॅकेटचे डोके एका लाकडी चौकटीत दाबून बसवलेले आणि चौकटीच्या चारही कोपऱ्यांना पितळी स्क्रू. या चौकटीला प्रेस म्हणतात, हे आम्हाला फार पुढे कळले. आम्ही तिला रॅकेटचा पिंजरा म्हणायचो.

आमचे दादा निजामाच्या काळात अंबडच्या कचेरीत कारकून होते. तेव्हा जालना जिल्हा नव्हता, तो झाला 1981 साली. हा सगळा भाग हैदराबाद संस्थानातल्या औरंगाबाद जिल्ह्यात मोडत होता. दादांचे एक साहेब बदली होऊन जाताना आपले जास्तीचे सामान वाटून गेले. कुणाला खुर्ची मिळाली, कुणाला कंदील. दादांच्या वाट्याला या तीन रॅकेटी आल्या. एक विलायती होती, एकीवरचे नाव पुसून गेले होते आणि तिसरीच्या मानेवर बारीक इंग्रजी अक्षरांत सियालकोटचा शिक्का होता.

अब्बांना त्यांचे फार. मृग लागायच्या आत ते तिन्ही रॅकेटी खाली काढत, फडक्याने पुसत, दांड्याला जवसाचे तेल चोळत आणि मग प्रेसचे स्क्रू आवळत. हे काम ते आमच्याकडून करून घेत आणि समोर बसून सांगत, "चारों तरफ से बराबर कस रे. एक बाजू ज्यादा कसा तो टेढी हो जाती."

टेढी का होते, याचे कारण रॅकेटच्या बनावटीत आहे. अ‍ॅश किंवा बीचसारख्या विलायती झाडांच्या लाकडाच्या पातळ लांब पट्ट्या एकावर एक सरसाने चिकटवतात. साच्याभोवती वाकवून त्यांचा लांबट गोल करतात. दोन्ही टोके खाली जिथे एकत्र येतात तिथे त्रिकोणी लाकूड बसवून मान तयार होते. मग भोके पाडून तार ओवायची. चांगल्या रॅकेटची तार जनावराच्या आतड्यापासून केलेली असे. प्रत्येक तार साधारण 20 ते 25 किलोच्या ताणाने ओढलेली असते. म्हणजे ते लाकूड रात्रंदिवस आतल्या बाजूला खेचले जात असते. त्यात पावसाळ्यात लाकूड ओल धरून फुगते आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात सुकून आकसते. मग ते पिळ्यासारखे तिरके होते. प्रेस हा त्यावरचा जुना आणि साधा इलाज.

अब्बा गेल्यावर तिन्ही रॅकेटी आमच्याकडे आल्या आणि सोबत हा छंदही आला. आज घरात चौदा रॅकेटी आहेत. पुण्याच्या जुन्या बाजारात, मुंबईच्या चोर बाजारात, हैदराबादच्या जुमेरात बाजारात भाच्याच्या लग्नाच्या गडबडीत, जिथे जाऊ तिथे आमची नजर भांड्यांच्या आणि पंख्यांच्या ढिगाऱ्यात अडकते. आमच्या बेगम म्हणतात, "लोक सासुरवाडीहून मिठाई आणतात, तुम्ही भंगार आणता."

ज्यांना हा छंद लावून घ्यायचा असेल त्यांच्यासाठी चार गोष्टी सांगतो. रॅकेट हातात घेतली की बंदुकीचा नेम धरावा तशी डोळ्यासमोर आडवी धरून पाहावी. डोके दांड्याच्या रेषेत नसेल तर ती शोभेचीच. मानेपाशी चीर आहे का आणि पट्ट्यांचा सरस सुटला आहे का, तेही नखाने चाचपावे. तार तुटलेली असली तरी हरकत नाही, ती नवी ओवता येते. उलट निम्मी तार तुटलेली असेल तर उरलेलीही कापून टाकावी, नाहीतर एकाच बाजूचा ताण लाकडाला वाकवतो. पत्र्याच्या छपराखाली, माळ्यावर किंवा भिंतीला टेकवून रॅकेट ठेवू नये. नाव मोठे आहे म्हणून फार पैसे देऊ नयेत. लाकडी रॅकेटी लाखोंनी बनल्या, त्यामुळे बहुतेक स्वस्तात मिळतात.

त्या स्वस्त झाल्या कारण खेळातून उठल्या. 1967 मध्ये पोलादी रॅकेट बाजारात आली, 1976 मध्ये मोठ्या डोक्याची हलकी रॅकेट आली. ब्यॉन बोर्गने 1976 ते 1980 अशी सलग पाच वर्षे विम्बल्डन जिंकले ते लाकडी रॅकेटने. 1981 साली जॉन मॅकेन्रोनेही लाकडीच वापरली. त्यानंतर तिथे पुरुषांच्या एकेरीत लाकूड जिंकले नाही. शेकडो वर्षांची कारागिरी पाच-सात वर्षांत अडगळीत गेली.

सियालकोटचा शिक्का पाहिला की आम्हाला आणखी एक गोष्ट आठवते. फाळणीपूर्वी आपल्या देशातल्या खेळाच्या सामानाचे ते मोठे केंद्र होते. 1947 साली तिथले कितीतरी हिंदू आणि शीख कारागीर, कारखानदार घरदार सोडून जालंधर आणि मेरठला आले आणि तिथे त्यांनी तोच धंदा पुन्हा उभा केला. आज आपल्या शाळेत येणाऱ्या बॅटी आणि चेंडू बहुधा याच दोन शहरांतून येतात. हत्यारे मागे राहिली, हातातले कसब मात्र सोबत आले.

उर्दूच्या तासाला आम्ही मुलांना एक गंमत सांगतो. उर्दूत 'राहत' म्हणजे आराम, हे सगळ्यांना ठाऊक आहे. अरबीत याच शब्दाचा दुसरा अर्थ तळहात. रॅकेट हा शब्द या 'राहत'वरून युरोपात गेला असे काही अभ्यासक मानतात, सगळेच मानत नाहीत. पण टेनिसचा पूर्वज असलेला फ्रान्समधला खेळ आधी तळहातानेच खेळत, हे मात्र नक्की.

आणि हा साहेबांचा खेळ, आपला नव्हे, असे म्हणणाऱ्यांना आम्ही तीन नावे सांगतो. पहिले हैदराबादचे सय्यद मोहम्मद हादी. ते 1920 च्या दशकात डेव्हिस कप खेळले, 1924 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये टेनिस खेळले आणि वर रणजी करंडकातले पहिले शतकही त्यांचेच, 1934-35 च्या हंगामातले. इतके खेळ यायचे की लोक त्यांना 'रेनबो' हादी म्हणत. आमचे दादा ज्या संस्थानाची प्रजा होते, त्याच संस्थानाचा हा माणूस. दुसरे लखनौजवळच्या मलिहाबादचे गौस मोहम्मद. 1939 मध्ये विम्बल्डनच्या एकेरीत उपांत्यपूर्व फेरी गाठणारे ते पहिले भारतीय. त्यांना हरवणारा बॉबी रिग्ज पुढे ती स्पर्धा जिंकला. तिसरे नाव एका मुलीचे. लीला राव, संस्कृत लेखिका पंडिता क्षमा राव यांची कन्या. 1934 साली विम्बल्डनमध्ये सामना जिंकणारी ती पहिली भारतीय स्त्री. आई स्वतःही टेनिस खेळायची. सानियाच्या सत्तर वर्षे आधीची ही गोष्ट आहे आणि या तिघांच्याही हातात लाकडी रॅकेटच होती.

हे सांगता सांगता मुले म्हणू लागली, "सर, दाखवा ना खेळून." गेल्या हिवाळ्यात मुख्याध्यापकांच्या परवानगीने शनिवारच्या शाळेनंतर आम्ही मैदानावर फक्कीने रेघा मारल्या. लांबी 78 फूट, रुंदी 27 फूट. नेटचे काम गोदावरीवरच्या भोई बांधवांनी दिलेल्या जुन्या जाळ्याने भागवले, मधोमध तीन फूट उंच. दोन्ही बाजूंना झेंडावंदनाच्या सामानातले लोखंडी पाइप रोवले. चौदापैकी खेळण्याजोग्या सहा रॅकेटी होत्या. त्यात सियालकोटची एक.

लाकडी रॅकेट मुलांना सोपी नाही. आजची रॅकेट 300 ग्रॅमच्या आसपास असते, ही 370 ते 400. डोके लहान, त्यामुळे चेंडू नेमका मध्यावर आला नाही तर मनगटाला झणझणी येते. पण मध्यावर आला की जो आवाज निघतो तो ऐकायला आमचे शिपाईमामासुद्धा घंटा सोडून येऊन उभे राहायचे. मुले दोन्ही हातांनी धरून, बॅटसारखी फिरवून, चेंडू कुंपणाबाहेर मारायची. हळूहळू कळले की इथे जोर लावायचा नाही, चेंडू येऊ द्यायचा.

सर्वांत लवकर कळले ते सातवीतल्या एका मुलीला. ओढणी कमरेला घट्ट बांधून ती जाळ्यापाशी अशी धावायची की मुले बाजूला होत. एका शनिवारी असाच एक आखूड चेंडू घ्यायला ती धावली. चेंडू मिळाला, पण रॅकेट लोखंडी पाइपवर आपटली आणि मानेतून उभी चिरली. ती सियालकोटची होती.

त्या रॅकेटसाठी आठच दिवस आधी पुण्याच्या एका संग्राहकाने फोनवर पाच हजार देऊ केले होते. आम्ही नाही म्हणालो होतो. ते पाच हजार, अब्बांचे हात, ती खुंटी, सगळे एकदम डोक्यात चढले आणि आम्ही सर्व मुलांसमोर तिच्यावर ओरडलो. "किंमत माहीत आहे का हिची? आयुष्यात भरून देता येणार नाही तुला!" ती काही बोलली नाही. रॅकेटचे दोन्ही भाग जुळवून तिने जमिनीवर ठेवले आणि निघून गेली.

सोमवारी ती शाळेत आली नाही, मंगळवारीही नाही. बुधवारी मधल्या सुट्टीत तिची आई आली. ओढणीच्या टोकाची गाठ सोडून तिने दोनशे रुपये टेबलावर ठेवले. "सर, बाकीचे पुढच्या महिन्यात. तिला शाळेतून काढू नका."

वाचकहो, वीस वर्षांच्या नोकरीत आम्हाला इतकी लाज कधी वाटली नव्हती. पैसे आम्ही परत त्यांच्या हातात दिले, चुकी आमची होती असे म्हणालो. त्या "नाही, नाही सर" म्हणत राहिल्या. त्या रात्री झोप लागली नाही. रॅकेट अब्बांची अमानत, हे आम्हाला बरोबर आठवले होते. त्या आईने रोज सकाळी आमच्या स्वाधीन केलेली मुलगीही अमानतच होती, हे मात्र विसरलो. अब्बा म्हणायचे ते स्क्रूचे बोलणे आम्ही चाळीस वर्षे लाकडाबद्दलच समजत होतो.

दुसऱ्या दिवशी असरनंतर आम्ही बेगमना घेऊन तिच्या घरी गेलो. पण माफी तिथे मागून पुरणार नव्हते. रागावलो होतो चारचौघांत. शनिवारी ती आली तेव्हा सगळ्या मुलांना जाळ्यापाशी बोलावले आणि सांगितले, "रॅकेट खेळताना तुटली. खेळताना तुटणे हा गुन्हा नाही. त्या दिवशी सर चुकले." मुले एकमेकांकडे पाहू लागली. शिक्षकाने असे म्हणायचे असते, हे त्यांना नवीन असावे. आम्हालाही नवीनच होते.

ती थोडा वेळ खाली पाहत उभी राहिली. मग विचारले, "सर, मग आता मी कोणती घेऊ?"

आम्ही तिला विलायती दिली.

धाकट्या भावाला फोनवर सांगितले तर तो म्हणाला, "विकून टाकली असती तर पाच हजार तरी आले असते." हिशेब त्याचा बरोबर आहे. पण त्या चौकटीत अडकून ती रॅकेट सत्तर-ऐंशी वर्षे भिंतीवर होती आणि तीन-चार महिने मैदानावर. ती कशासाठी बनली होती, हे तिला बनवणाऱ्या त्या सियालकोटच्या कारागिराला विचारले असते तर त्याने काय सांगितले असते, याबद्दल आम्हाला शंका नाही. जालन्याच्या एका सुताराने मान सरसाने जोडून दिली आहे. खेळायला ती आता चालणार नाही. पण ती पुन्हा त्याच खुंटीवर आहे, चिरेची बाजू समोर करून.

तुमच्याही घरात माळ्यावर, पलंगाखाली अशी एखादी वस्तू असेल. रॅकेट नसेल तर कॅरम असेल, हॉकी असेल, दादांची सायकल असेल. ती खाली काढा, पुसा, जवसाचे तेल लावा. ती कुणाची होती ते मुलांना सांगा. आणि मग ती त्यांच्या हातात द्या. तुटली तर आधी मुलाकडे पाहा, वस्तूकडे मागून.