सहलीच्या यादीत जेवण पहिलं लिहा



सुट्ट्या जवळ आल्या की आपल्याकडे घरोघरी एकच विषय निघतो. "इमॅजिकाला कधी जायचं?" खोपोलीजवळचं हे उद्यान २०१३ साली सुरू झालं, पुढच्या वर्षी त्याला लागून वॉटर पार्क आलं, आणि तेव्हापासून आपल्या जयसिंगपूर-सांगलीकडच्या मुलांना तीनशे किलोमीटर काही लांब वाटेनासे झाले. वर्गातलं कुणीतरी जाऊन आलेलं असतं, त्यानं 'नायट्रो'चं वर्णन केलेलं असतं, मग आपल्या पोरांना रात्री झोप येत नाही.

आम्हीही गेलो. गेल्या डिसेंबरात. त्या सहलीत आमच्या घरात जे घडलं, ते सांगावं की नाही, यावर मी बरेच दिवस विचार केला. सासूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "लिही. दुसऱ्या कुणाच्या घरात तसं व्हायला नको." म्हणून लिहिते आहे.

आमच्या ह्यांना नियोजनाची आवड. कुठल्या राइडला किती उंची लागते, कुठली सकाळी गाठायची, कुठली दुपारी, सगळं कागदावर मांडलेलं. धाकटा पाचवीत, त्याची उंची दारामागे पेन्सिलनं तीनदा मोजून झाली होती. त्या कागदावर जेवणासमोर दोनच शब्द होते: 'मिळेल तसं'. तो कागद मीही वाचला होता. मला त्यात काही खटकलं नाही, हे आधीच कबूल करते.

सासूबाईंना रात्रिभोजनाचा त्याग आहे, एकतीस वर्षांपासून. सूर्य मावळला की पाणीसुद्धा नाही. वय एकाहत्तर, आणि मधुमेहाची गोळी चालू. घरी हे सगळं इतकं अंगवळणी पडलंय की कुणाच्या लक्षातही येत नाही. साडेपाच वाजायच्या आत त्यांचं ताट वाढलेलं असतं, बस्स.

उद्यानात दुपारी त्यांनी दहीभात खाल्ला. पाच वाजत आले तेव्हा आम्ही 'राजासॉरस'च्या रांगेत होतो. मी म्हटलं, आता बाहेर पडू. धाकटा म्हणाला, "आई, एवढी एकच." रांग पुढं सरकत होती, सोडवेना. बाहेर आलो तेव्हा पावणेसहा झाले होते. मग खाण्याच्या ठिकाणी पुन्हा रांग. ताट हातात आलं तेव्हा दिवे लागले होते. सासूबाई बाकावर बसल्या होत्या. ताटाकडे बघून त्यांनी हात जोडले आणि म्हणाल्या, "असू दे गं. मला भूकच नाही."

रात्री अकराच्या सुमाराला खोपोलीच्या मुक्कामी त्यांना दरदरून घाम सुटला, हातपाय थरथरायला लागले. यंत्रावर साखर बघितली तर अठ्ठावन्न. ह्यांनी साखरेचं पाणी केलं. त्या नको म्हणाल्या. ह्यांनी पाय धरले. शेवटी त्या प्यायल्या. पाणी पिताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि खोलीत कुणी काही बोलत नव्हतं.

त्या प्यायल्या हे योग्यच झालं. याबद्दल माझ्या मनात तिळभर शंका नाही, आणि कुठलाही शास्त्राचा जाणकार वेगळं सांगणार नाही, असं मला वाटतं. मधुमेह असेल तर साखर उतरल्यावर वाट बघायची नसते. प्रश्न त्याआधीचा आहे. पाच वाजता आम्ही ती रांग सोडली असती, तर रात्री अकराला ही वेळ आलीच नसती.

गावी आल्यावर सासूबाईंनी माताजींकडे जाऊन आलोचना केली. दोष स्वतःचा म्हणून सांगितला. माताजींनी त्यांना जप दिला. मी शेजारीच बसले होते. मला काहीच दिलं नाही, आणि तेच मला जास्त लागलं. आपण लहानपणापासून पाठशाळेत शिकतो की कर्म तीन वाटांनी लागतं: कृत, कारित आणि अनुमोदना. स्वतः करणं, दुसऱ्याकडून करवणं, आणि होऊ देताना मान डोलावणं. नियम त्यांचा मोडला, पण मोडायला लावणारे आम्ही होतो.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. सहलीचा कागद करायला घेतलात की पहिल्या ओळीत जेवणाची वेळ आणि जागा लिहा. राइड्स त्यानंतर, उरलेल्या वेळात बसवा.

"घरातली बाई नियम पाळते आहे ना, मग झालं," अशी एक समजूत आपल्या घरांत असते. ती डबा करते, तीच डबा उचलते, सगळे पावभाजी खात असताना ती कोपऱ्यात दशमी खाते, आणि वेळ चुकली तर "मला भूक नाही" असं म्हणतेही तीच. एकीचा नियम सांभाळणं ही सगळ्या घराची जबाबदारी आहे. रांगेत उभ्या असलेल्या पाचवीतल्या मुलालाही ती कळू शकते. त्याला कुणी सांगितलंच नाही, तर त्याचा काय दोष?

तुमच्यापैकी काही जणी म्हणतील, "अशा ठिकाणी जायचंच कशाला? तो पैसा, तो वेळ, तो सगळा राग-रंग." माझ्या मावससासूबाई असंच म्हणाल्या. त्यांचं म्हणणं मी टाकून देत नाही. तीर्थयात्रेला बाहुबली-कुंभोजला जाणं आणि डायनासोरच्या होडीत बसून ओरडणं एक नाही. पण मुलं जाणारच आहेत. आज आपल्याबरोबर, चार वर्षांनी कॉलेजच्या मित्रांबरोबर. त्या दिवशी हातात मेनू कार्ड आल्यावर काय विचारायचं, हे त्यांनी कुठं शिकलेलं असेल? आपल्याबरोबर आली असतील तर शिकलेली असतील.

दुसऱ्या काही जणी म्हणतात, "प्रवासात चालतं." इथं थोडं नीट बघूया. ज्यांनी नियम घेतानाच प्रवासाची सूट ठेवली आहे, त्यांनी ती खुशाल वापरावी, त्यात कमीपणा नाही. आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंडक श्रावकाचारात ठरावीक काळापुरता घेतलेला तो नियम आणि जन्मभराचा तो यम, असा भेद सांगितलाच आहे. आपली ताकद ओळखून घ्यायची सोय आपल्या पूर्वजांनी ठेवली आहे. पण ज्यांनी सूट ठेवली नाही, त्यांच्या वतीनं आपण गाडीत बसून सूट जाहीर करायची नाही.

आता कामाचं बोलते. मे महिन्यात आम्ही पुन्हा गेलो, सासूबाईंसह. त्या आधी नको म्हणाल्या, धाकट्यानं हट्ट धरला. या वेळी कागद मी केला.

पहिलं म्हणजे तारीख. अष्टमी-चतुर्दशी टाळा. आपण त्या दिवशी हिरवी भाजी खात नसलो तर बाहेर खायला उरतं काय? दिवाळीच्या सुट्टीत जाणार असाल तर पाडव्यानंतर आठवडाभरातच कार्तिकाची अष्टाह्निका लागते, ते बघून घ्या. भाद्रपदात दशलक्षणाच्या दिवसांचा तर प्रश्नच नाही. चातुर्मासात ज्यांचा पालेभाज्यांचा त्याग असतो, त्यांना बाहेर विचारावे लागणारे प्रश्न वाढतात.

दुसरं म्हणजे सूर्य. खोपोलीकडे डिसेंबरच्या अखेरीस तो सहाच्या सुमाराला मावळतो, मे महिन्यात सातच्या पुढं. आपल्यातल्या ज्या सूर्यास्ताआधी दोन घटका, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं, जेवण आटोपतात, त्यांच्यासाठी डिसेंबरात सव्वापाच आणि मेमध्ये सव्वासहा ही शेवटची वेळ झाली. म्हणजे डिसेंबरात पावणेपाचला रांगेतून बाहेर, मग समोर कितीही मजेची गोष्ट असो. ज्यांच्या घरात असा नियम आहे, त्यांना मे महिना तासाभराने सोपा जातो. ऊन मात्र सोसावं लागतं. संध्याकाळची परेड मुलांना बघायचीच असते. बघू दे की. पोटं भरलेली असली की परेड सगळ्यांनाच छान दिसते.

तिसरी गोष्ट डब्याची. बहुतेक मोठ्या उद्यानांत बाहेरचे खाद्यपदार्थ आत नेता येत नाहीत. दारात वाद घालण्यापेक्षा आधीच फोन करून विचारा: औषध चालू असलेल्या वृद्ध व्यक्तीसाठी काय नेता येईल? जैन जेवण कुठल्या भोजनगृहात, किती वाजेपर्यंत मिळेल? उत्तर देणाऱ्याचं नाव लिहून ठेवा. गाडीत मात्र भरपूर घ्या. बिनलसणाचं भडंग, दुधातल्या दशम्या, शेंगाच्या पोळ्या, कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. पहाटे निघालात तर सूर्य वर आल्यावर पुण्याच्या अलीकडेच गाडी थांबवून खाऊन घ्या. एक्स्प्रेस वेला लागल्यावर गर्दीत जागा शोधत बसावं लागतं.

आणि चौथी गोष्ट, विचारायचं कसं. "जैन आहे का?" असं विचारलंत की सगळीकडे "हो" हेच उत्तर मिळतं. वाटेवर एका ठिकाणी आम्हाला मिळालेल्या 'जैन' भाजीत आल्याचे तुकडे होते. वाढणाऱ्या मुलाला वाटत होतं की कांदा-लसूण नाही म्हणजे झालं जैन. त्याची चूक म्हणता येणार नाही, त्याला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. म्हणून नेमकं विचारा. भाजीची ग्रेव्ही आधी करून ठेवलेली आहे की आमच्यासाठी वेगळी करणार? त्यात आलं, बटाटा, गाजर आहे का? डाळीची फोडणी लसणाची आहे का? पिझ्झाच्या सॉसमध्ये लसूण आहे का? ज्या तेलात बटाटा तळला त्यातच आमचं तळणार का? आत अमेरिकन थाटाचं 'रेड बोनेट' आहे, भारतीय जेवणाची सोय आहे; मुलांना पहिल्याचं आकर्षण असणार. पण जिथं पदार्थ समोर करून देतात आणि थांबून बोलायला माणूस असतो, ती जागा निवडावी. इडली, साधा डोसा, दहीभात, साधा भात यांत फसायला जागा कमी. चटणी-सांबाराचं तेवढं विचारायचं. रंगीत जेली आणि मार्शमॅलोमध्ये जिलेटिन असू शकतं, पाकिटावर हिरवा ठिपका बघितल्याशिवाय मुलांच्या हातात देऊ नका.

विचारायला संकोच वाटतो, हे मला माहीत आहे. मागे चार माणसं उभी असतात. अशा वेळी मी अक्षय्यतृतीयेची कथा आठवते. भगवान आदिनाथ आहारासाठी निघाले तेव्हा लोकांनी हत्ती, घोडे, रत्नं पुढं केली. भक्ती कमी नव्हती, आहार द्यायचा विधी कुणालाच ठाऊक नव्हता. कित्येक महिने तसेच गेले आणि मग हस्तिनापुरात राजा श्रेयांसानं उसाचा रस दिला. मुनी मागत नाहीत, तो त्यांचा मार्ग. आपण गृहस्थ आहोत, आपल्याला तोंड आहे. काउंटरवरच्या मुलाला विधी माहीत नसेल तर तो हसून, दोन वाक्यांत सांगणं आपलं काम.

शेवटी बुफेबद्दल. "पैसे भरलेत, वसूल करा," हे वाक्य मला फार खटकतं. भोगोपभोगाचं परिमाण आपण व्रत म्हणून शिकतो, भुकेपेक्षा चार घास कमी खाण्याला आपल्याकडे तप म्हटलंय, आणि ताटात चार गोडाचे तुकडे उष्टे टाकून आपण उठतो. आम्ही मुलांना सांगितलं, एका वेळी दोनच पदार्थ घ्या, संपले तर पुन्हा जा. दोघंही पुन्हा गेली नाहीत.

मे महिन्यातल्या त्या दिवशी आमच्या चार राइड्स राहिल्या. सहा वाजता सासूबाईंचं जेवण झालं, गोळी झाली, पाणी पिऊन झालं. सव्वापाचला रांगेतून आम्हाला बाहेर काढलं ते धाकट्यानं. "आजीची वेळ झाली," म्हणाला, आणि पुढं चालायला लागला. गाडीत मात्र राहिलेल्या राइड्सवरून रुसला होता, तेही सांगते. पुण्यापर्यंत बोलला नाही.

रुसू दे. सुट्ट्या पुन्हा येतील.

जय जिनेंद्र.