नळवाल्यास फुकट, घागरवालीस विकत

राजस्थान सरकारनें 2019 सालीं पाणीपट्टींत मोठी सूट जाहीर केली. शहरांत ज्याच्या घरीं मीटर चालू आहे त्यास महिना 15,000 लिटरपर्यंत माफ, आणि खेड्यांत माणशीं दररोज 40 लिटरपर्यंत माफ. ऐकावयास गोड आहे. परंतु आम्ही विचारतों कीं, ज्याच्या दारांत नळच नाहीं त्यास यांतलें काय मिळालें?

थरच्या वाळवंटांत, जैसलमेर-बाडमेरकडे, वस्ती एका जागीं नसते. चार घरें येथें, दोन घरें कोसावर. अशा वाडीस तिकडे ढाणी म्हणतात. पाऊस जैसलमेरास सरासरीनें वर्षास 200 मिलिमीटरच्या आंतच. आमच्या माण-आटपाडीकडे ज्यास आपण दुष्काळी मुलूख म्हणतों, तेथें याच्या दुपटीहून अधिक पडतो. जमिनींतलें पाणी खोल, आणि पुष्कळ ठिकाणीं खारट. म्हणून ढाणीवाला ट्रॅक्टरच्या टँकरचें पाणी रोख पैसे मोजून घेतो, आणि अंतर व ऊन वाढेल तसा भाव चढतो. पैसा नसला कीं शेळी विकावयाची. ज्याच्या घरीं तोटी आहे त्याची माफी सरकार भरणार, आणि ज्याच्या घरीं तोटी नाहीं त्यानें शेळी विकावी, हा न्याय कोणत्या शास्त्रांतला?

2019 च्याच ऑगस्टांत केंद्र सरकारनें घरोघर नळाची योजना काढली. माणशीं दररोज 55 लिटर हें तिचें माप. त्यानंतर वाळवंटांतही पुष्कळ घरीं तोट्या बसल्या हें आम्ही नाकारीत नाहीं. पण तोटी म्हणजे पाणी नव्हे. सहा माणसांच्या घरास या मापानें महिना जवळजवळ 10,000 लिटर लागतात, म्हणजे चार-पांच हजारांचे दोन टँकर. तोटी कोरडी राहिली कीं हे दोन टँकर कोणाच्या पदरीं, तें सांगावयास नको.

पाणी येतें कोठून, तेंही पाहावें. पंजाबांत सतलज व बियास यांच्या संगमावर हरिके येथें बांध आहे. तेथून निघणाऱ्या कालव्याचें काम 1958 सालीं सुरू झालें. 1984 सालीं त्यास इंदिरा गांधींचें नांव दिलें. सुमारें 650 किलोमीटर चालून तें पाणी 1987 सालीं जैसलमेरच्या मुलखांत पोंचलें. वर हनुमानगडकडे कापूस-भातास इतकें पाणी दिलें कीं कांहीं शेतें पाणथळ होऊन बिघडलीं, आणि शेपटाकडचा मनुष्य मात्र कोरडा. उसाच्या पट्ट्याखालीं राहणाऱ्या आमच्या वाचकांस ही गोष्ट ओळखीची वाटेल! शिवाय उन्हाळ्याच्या तोंडीं दुरुस्तीसाठीं कालवा कांहीं आठवडे बंद असतो. त्यास तिकडे नहरबंदी म्हणतात. शहराची ओरड मोठी असते म्हणून तिची दाद लागते. 2022 सालीं पालीकरांसाठीं जोधपुराहून पाण्याची आगगाडी धांवली. आपल्या लातुरास 2016 सालीं मिरजेहून गाडी आली, तिचे डबे कोट्यास वाफेनें धुऊन आणले होते. ढाणीस कोणती आगगाडी जाणार?

यावर त्या मुलखांतल्या लोकांनींच शोधलेला उपाय आहे, तो म्हणजे टांका. अंगणांत विहिरीसारखा खड्डा खणून आंतून चुन्यानें किंवा सिमेंटनें लिंपतात, वर झांकण. भोंवतालची जमीन मुरूम घालून, धुम्मस करून टांक्याकडे उतरती ठेवतात. तिला आगोर म्हणतात. पंधरा मीटर लांब व तितकेंच रुंद आगोर असलें आणि वर्षांत शंभर मिलिमीटर जरी पाऊस झाला, तरी त्यावर साडेबावीस हजार लिटर पाणी पडतें. अर्धें मुरलें-उडालें असें धरा. राहिलेल्या अकरा हजारांत सहा माणसांचें पिणें व रांधणें, माणशीं दहा लिटरांनीं, सहा महिने भागतें.

आणखी एक गोष्ट वरच्या साहेबांस ठाऊक नसते. टँकर ओतावयास जागा लागते. ज्याच्याकडे टांका नाहीं त्यास टँकर घेऊनही उपयोग नाहीं. तो शेजाऱ्याकडून घागरीनें घेतो, नाहींतर त्याची बायको-पोर कोसभर चालतात. त्यांच्या डोक्यावरच्या ओझ्याची मजुरी कोणत्याही बिलांत धरलेली नाहीं. म्हणजे सर्वांत गरिबाचें पाणी सर्वांत महाग.

घर म्हटलें कीं त्यांत गाय-शेळी आली, कुंभाराची माती आली, बाडमेरच्या खत्र्याचें अजरख धुणें आलें. जुन्या सरकारी नियमांत माणसास 40 लिटर धरीत, तेव्हां वाळवंटी भागांत जनावरांसाठीं आणखी 30 धरीत असत. तो विचार योग्य होता. कारागिराच्या धंद्याचें पाणी मात्र त्यांतही नव्हतें.

आणखी, ढाण्या बहुधा एकेका जातीच्या असतात. तेव्हां नळ कोणत्या ढाणीपर्यंत न्यावयाचा हें ठरविणें म्हणजे कोणत्या जातीस पाणी द्यावयाचें हें ठरविणें होय. जोतीरावांनीं 1868 सालीं आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्या बंधूंस खुला केला. 1927 सालीं महाडास बाबासाहेब आंबेडकरांनीं चवदार तळ्याचें पाणी ओंजळींत घेतलें. आज नकाशावरची रेघ तीच आडकाठी करूं शकते, आणि ती ओढणाऱ्यास कोणी जातिवंत म्हणत नाहीं, इंजिनियर म्हणतात.

आमचें मागणें असें आहे. रोजगार हमीच्या कामांतून बाडमेराकडे पुष्कळ टांके झाले. तसे आणखी व्हावेत, आणि ज्या घरीं एकही नाहीं तेथें आधीं. माफीचा पैसा मीटरवाल्याइतकाच टँकरवाल्यासही मिळावा. नहरबंदीच्या आधीं ढाण्यांचे टांके सरकारी खर्चानें भरावेत. टँकरचा दर व अंतर पंचायतीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहावें, आणि कोणत्या ढाणीस कितवा टँकर गेला ही नोंद, ज्या बायका घागरी वाहतात त्यांच्यापैकीं एकीनें ठेवावी.