न दिसणारे कुंपण

अमेरिकेच्या उपनगरांत घराभोवती हिरवळ असते, परंतु कित्येक वसाहतींच्या नियमांनुसार घरापुढे उंच कुंपण घालण्यास मनाई असते. न्यू जर्सी किंवा टेक्सासमध्ये स्थिरावलेल्या घरांतही मुलांच्या हट्टापायी कुत्र्याचे पिल्लू येते. वर्षभरात त्याचा अंगापिंडाने भरलेला लॅब्रॅडॉर किंवा हस्की होतो, आणि दिवसभर व्यवसायात गुंतलेल्या कुटुंबापुढे प्रश्न उभा राहतो, की याच्या धावण्याची सोय करावी कशी? ‘अदृश्य कुंपण’ हे त्यावरचे तेथील तयार उत्तर. शेतघराच्या मोकळ्या जागेचा विचार करता ते इकडेही कोणाला मोहात पाडू शकेल. म्हणून ते नीट पारखून घेणे बरे.

या कुंपणाचे पेटंट १९७३ साली अमेरिकेत रिचर्ड पेक यांना मिळाले. जागेच्या कडेने काही इंच खोल तार पुरतात आणि घरातील एका लहान यंत्रातून तिच्यात क्षीण रेडिओ संकेत सोडतात. कुत्र्याच्या गळ्यातील पट्ट्यात तो संकेत ओळखणारी डबी असते व तिची दोन बोथट धातूची टोके कातडीला टेकलेली असतात. कुत्रा तारेजवळ आला की आधी बारीक आवाज होतो. तो तसाच पुढे गेला तर विजेचा झटका बसतो. पहिले काही आठवडे कडेने लहान झेंड्या रोवून त्याला ही सीमा शिकवावी लागते. आपल्याकडे रानडुकरांसाठी शेताभोवती जे सौर कुंपण घालतात, त्याची तार उघडी असते आणि तिला स्पर्श झाला तरच धक्का बसतो. येथे तार जमिनीत आणि धक्का मात्र सदैव गळ्यात असतो.

विक्रेते सांगतात, की यामुळे कुत्रा मोकळेपणाने हुंदडतो. येथेच हिशेब चुकतो. अंगण मिळाले म्हणजे व्यायाम मिळाला असे होत नाही. एकटा सोडलेला कुत्रा थोडा वेळ वास घेत फिरतो आणि मग दाराशी येऊन माणसाची वाट पाहत बसतो, नाहीतर कडेने त्याच त्या वाटेवर येरझाऱ्या घालतो. बॉर्डर कोली मेंढ्या वळण्यासाठी, हस्की बर्फावरील गाडी ओढण्यासाठी, तर बीगल सशाचा माग काढण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या जोपासलेला. या जातींना धावणे हवे असते, तसेच कामही हवे असते आणि ते काम सांगणारा सोबतीही. चेंडू फेकणारा हात नसेल, तर कितीही मोठी हिरवळ त्याला अपुरीच.

धोकेही आहेत. समोरून खार किंवा हरीण पळाले, तर आवेशात कुत्रा झटका सोसून बाहेर जातो. परत येताना मात्र तो आवेश उरलेला नसतो. तोच झटका त्याला स्वतःच्या घरात येऊ देत नाही. बाहेरचा कुत्रा आत शिरला तर त्याला हे कुंपण अडवत नाही, आणि आतल्याला पळून जायला जागा राहत नाही. याहून सूक्ष्म अपाय मनाचा. रस्त्यावरून मूल जात असताना वारंवार वेदना झाली, की त्या वेदनेचा संबंध तो मुलाशी जोडतो आणि मायाळू प्राणी अंगावर धावू लागतो. वेल्समध्ये तर कुत्र्यामांजरांच्या गळ्यात असे झटका देणारे पट्टे घालण्यास २०१० पासून कायद्याने बंदी आहे.

श्रावकाला हा विषय नवा नाही. अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांत पहिला बंध आणि दुसरा वध. आचार्य पूज्यपादांनी सर्वार्थसिद्धीत बंधाचा अर्थ करताना दोरखंडावर भर दिलेला नाही; प्राण्याला हव्या त्या स्थळी जाण्यास जे अडवते ते बंध, असा त्यांचा आशय. वध म्हणजे जीव घेणे नव्हे, तर काठी, चाबूक इत्यादींचा प्रहार. पुरलेली तार पहिल्या व्याख्येत सहज बसते, आणि गळ्यातील झटका दुसरीच्या फार दूर नाही. आवश्यक सूत्राच्या श्वेतांबर विवेचनात सापेक्ष आणि निरपेक्ष असा विवेकही केलेला आहे: जनावर बांधावेच लागले, तर आग लागताच चटकन सोडवता येईल अशा सैल गाठीने बांधावे. म्हणजे बांधणाऱ्याने जवळ असावे, हे त्यात गृहीतच आहे. घर बंद करून दुकानी जाताना यंत्र चालू ठेवणे या कसोटीला उतरत नाही.

देशाच्या कायद्याचीही दिशा तीच. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमातील कलम ११ नुसार, सतत बांधून वा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला वाजवी व्यायाम न देणे हा मालकाचा अपराध ठरतो.

ज्यांच्याकडे जागा स्वतःची आहे, त्यांनी साधी भिंत किंवा जाळी बांधावी. ती महाग पडते, पण कोणाला दुखवत नाही. सकाळ-संध्याकाळचे फिरणे मात्र तिच्यामुळेही टळत नाही. त्या फिरण्यात कुत्र्याला मनसोक्त हुंगू द्यावे, कारण त्याचा मेंदू नाकावाटे दमतो. पावसाळ्यात बाहेर पडता येत नसेल, तेव्हा खाण्याचे तुकडे घरभर लपवून शोधायला लावले तरी तो सुखाने झोपतो. उन्हाळ्यात डांबरी रस्त्यावर आधी आपला तळहात टेकवून पाहावा, आणि मोठ्या जातीच्या पिल्लाला हाडे भरेपर्यंत फार पळवू नये.

तार आधीच पुरलेली असेल, तर पट्ट्यातील झटका बंद करून केवळ आवाज किंवा कंप ठेवता येतो का ते पाहावे. बऱ्याच पट्ट्यांत ती सोय असते. रात्री पट्टा काढावा व टोकांखालची कातडी रोज तपासावी, तेथे जखम होऊ शकते. फिरायला नेताना तो पट्टा उतरवून साधा बांधावा आणि नेहमी एकाच फाटकातून बाहेर पडावे. नाहीतर सीमेला भ्यालेला कुत्रा फिरायच्या वेळीही उंबऱ्यापाशीच अडून बसतो.